मुलींच्या शाळांतील विज्ञान व तंत्रज्ञान शिक्षण : हैदराबादमधील काही अनुभव

कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकवणाऱ्या आपणा सर्वांना एक अनुभव वारंवार येतो. दहावीच्या परीक्षेत विज्ञानात चांगली श्रेणी मिळवलेली विद्यार्थिनी आपल्याकडे आरोग्य सेवा, प्रयोगशाळा सहायक किंवा संगणक अभ्यासक्रमास प्रवेश घेते आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात येते की तिने परीक्षानळी कधी हातात धरलेली नाही. आम्लाची व्याख्या तिला तोंडपाठ असते. लिंबू आम्ल आहे हेही ती सांगते. पण ते कशावरून ठरवले, असा प्रश्न केला की ती खाली पाहू लागते. यात दोष विद्यार्थिनीचा नाही, हे आपण जाणतोच. तथापि दोष नेमका कोठे आहे आणि शाळेच्या पातळीवर काय केल्याने फरक पडतो, याचा विचार आपल्या नियतकालिकांतून फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेख हा त्या दिशेने एक लहानसा प्रयत्न आहे.

प्रारंभीच सांगितले पाहिजे की मी विज्ञानाची अध्यापिका नाही. उर्दू आणि मराठी या दोन भाषा मी शिकवते. जुन्या शहरातील उर्दू माध्यमाच्या एका मुलींच्या शाळेत भाषेच्या उपक्रमासाठी मी गेले आणि ओघाने विज्ञानाच्या तासात जाऊन बसले. त्या शाळेत प्रयोगशाळा होती. तिला कुलूपही होते. किल्ली कार्यालयात आणि कार्यालयाचे म्हणणे असे की काचेचे सामान फुटले तर भरपाई कोण करणार. कपाटात सूक्ष्मदर्शक यंत्र होते, ते वर्षातून एकदा तपासणीच्या दिवशी टेबलावर मांडले जाई. अशा शाळा एका संस्थेच्या किंवा एका समाजाच्या नाहीत. मराठवाड्यातही मी त्या पाहिल्या आहेत.

शब्द समजला म्हणजे

माझा पहिला प्रवेश शब्दांतून झाला. पाठ सूक्ष्मदर्शकाचा होता. उर्दू पाठ्यपुस्तकात त्याला 'खुर्दबीन' म्हणतात. मुलींनी तो शब्द पाठ केला होता, पण त्याचे तुकडे कोणी करून दाखवले नव्हते. 'बीन' म्हणजे पाहणारा; 'दूरबीन' म्हणजे दूरचे पाहणारे यंत्र, आणि मराठीतील 'दुर्बीण' हा तोच शब्द. मग 'खुर्द' म्हणजे काय? वर्गात नांदेडकडून आलेल्या कुटुंबातील एक मुलगी होती. तिला विचारले, तुमच्याकडे गावांच्या नावापुढे खुर्द आणि बुद्रुक का लावतात? ती म्हणाली, लहान गाव ते खुर्द, मोठे ते बुद्रुक. तेव्हा खुर्दबीन म्हणजे लहान गोष्टी पाहणारे यंत्र, हे तिनेच सांगितले, आणि 'बुद्रुक' हा 'बुजुर्ग' या शब्दाचाच अवतार आहे हे कळल्यावर वर्गात हशा पिकला. तास संपताना ज्या मुलीने वर्षभर तोंड उघडले नव्हते तिने विचारले, "मिस, तो फिर खुर्दबीन से क्या क्या दिखता?" किल्ली त्याच आठवड्यात कार्यालयातून बाहेर आली.

हा केवळ भाषेच्या अध्यापिकेचा उत्साह समजू नये. विज्ञान आणि भाषा यांचा संबंध हैदराबादमध्ये फार जुना आहे. येथील वैद्यकीय शाळा १८४६ साली सुरू झाली आणि तिच्यात अनेक वर्षे शिक्षण उर्दूतून दिले गेले. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या दारुत्तर्जुमाने विज्ञान, गणित, वैद्यक, अभियांत्रिकी यांची पाठ्यपुस्तके उर्दूत आणली आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण त्या भाषेत देऊन दाखवले. पारिभाषिक शब्द कसे घडवावेत यावर मौलवी वहीदुद्दीन सलीम यांनी एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. अंजुमन तरक्की-ए-उर्दूने १९२८ मध्ये 'सायन्स' नावाचे त्रैमासिक सुरू केले तेही आपल्या औरंगाबादहून, याचे मराठी वाचकांना विशेष वाटावे.

या परंपरेचा गौरव करताना दोन गोष्टी विसरून चालणार नाही. पहिली ही की संस्थानातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. उर्दूतील विज्ञान त्यांच्यासाठी परभाषेतीलच विज्ञान होते. दुसरी, घडवलेले शब्द बहुधा अरबीच्या वजनाचे होते. प्रकाशसंश्लेषणाला उर्दूत 'जियाई तालीफ' म्हणतात. हैदराबादच्या गल्लीत वाढलेल्या मुलीला हे दोन्ही शब्द सारखेच अपरिचित आहेत. मातृभाषेतील शिक्षण म्हणजे मातृभाषेतील जड शब्द पाठ करणे, अशी समजूत आपल्या शाळांत रूढ झाली आहे. मुलगी घरी ज्या भाषेत भांडते त्या भाषेत तिने प्रश्न विचारावा; शब्द नंतर उर्दू असो, इंग्रजी असो, तो तिच्या हाती देता येतो.

रूपाबाईंचे उदाहरण

मुलींना प्रेरणा देण्यासाठी थोर स्त्री-शास्त्रज्ञांची छायाचित्रे भिंतीवर लावण्याची पद्धत आहे. मेरी क्युरी, कल्पना चावला. त्यांना आमचा विरोध नाही, पण आपल्याच शहरातील एक स्त्री त्या भिंतीवर क्वचितच दिसते. १८८५ मध्ये सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या कारकिर्दीत हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत स्त्रियांना प्रवेश मिळाला. त्यांच्यात रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी होती. १८८९ मध्ये तिने 'हकीम' ही पदवी घेतली. शस्त्रक्रियेपूर्वी क्लोरोफॉर्म देण्याचे काम तिने केले आणि जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये आज तिची गणना होते.

आमच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पुढची आहे. अनेक वर्षे रुग्णालयात काम केल्यानंतर, १९०९ च्या सुमारास, रूपाबाई एडिंबरोला गेल्या आणि तेथे त्यांनी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचा अभ्यास केला. भूलशास्त्राचा वेगळा अभ्यासक्रम तेव्हा नव्हता आणि वायू व उपकरणे समजून घेण्यासाठी त्यांना ही दोन शास्त्रे हवी होती. म्हणजे काम आधी आणि शास्त्राची भूक नंतर. आपल्या कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या मुलींचा क्रम बहुधा हाच असतो. आपण मात्र त्यांना पहिल्या सत्रात व्याख्या लिहून देतो.

त्याच काळात क्लोरोफॉर्मची सुरक्षितता तपासण्यासाठी १८८८ आणि १८८९ मध्ये दोन हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसले. प्राण्यांवर शेकडो प्रयोग झाले. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास थांबल्यामुळे, हृदयावर त्याचा थेट परिणाम होत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि तो 'लॅन्सेट'मध्ये गाजला. पुढे, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, इतर संशोधकांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची गती बिघडूनही मृत्यू येऊ शकतो. मी हे नववीच्या वर्गात सांगितले तेव्हा मुलींना नवल वाटले ते एवढ्याचेच, की इतक्या मोठ्या माणसांनी इतके प्रयोग करूनही चूक झाली आणि ती छापूनही आली! पुस्तकातील प्रत्येक वाक्य कोणीतरी तपासलेले असते आणि पुन्हा तपासता येते, ही कल्पना त्यांच्यासाठी नवी होती.

निळी गोळी आणि चहा

आता ज्या प्रयोगामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळते.

किशोरवयीन मुलींना शाळेतून आठवड्याला लोह व फॉलिक आम्लाची एक निळी गोळी देण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. गोळी देतात, मुली ती घेतात किंवा खिडकीतून टाकतात. पोट दुखते, मळमळते, आणि ही गोळी कशाची याबद्दल नाना अफवा असतात. दुसरीकडे, २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे चाळीस मुलींच्या वर्गात सरासरीने तेवीस-चोवीस. या वर्गासाठी लोह हा आवर्त सारणीतील सव्वीसावा घटक एवढाच विषय राहू शकत नाही.

प्रयोगासाठी गोळ्या आम्ही औषधाच्या दुकानातून विकत आणल्या. मुलींच्या वाट्याच्या गोळ्यांना हात लावला नाही, आणि ग्लासातील काहीही प्यायचे नाही हे आधी बजावले. गोळीवरचा निळा थर पाण्याने धुऊन काढला, आतली गोळी खलात कुटून कोमट पाण्यात कालवली आणि गाळून घेतली. दुसऱ्या ग्लासात बिनदुधाचा कोरा चहा. दोन्ही एकत्र केले. थोड्याच वेळात चहाचा रंग काळपट होत शाईसारखा झाला. त्यात लिंबू पिळले तेव्हा तो काळेपणा बराच उतरला.

वर्गात एकदम गलका झाला. एका मुलीने विचारले, "मिस, पेट में बी ऐसाच होता क्या?" (येथे एक अवांतर. दक्खिनीतील हा 'च' मराठीकडून आलेला आहे. हिंदीच्या शुद्धतेसाठी त्यावर लाल शाई फिरवणाऱ्या अध्यापकांनी ती प्रश्नासाठी जपून ठेवावी.)

हा प्रश्न पाठ्यपुस्तकात नाही, पण तो अगदी योग्य प्रश्न आहे. चहातील टॅनिन लोहाशी बांधले जाते. तयार होणारे संयुग गडद रंगाचे असते आणि शरीराला त्यातील लोह सहजासहजी मिळत नाही. म्हणूनच लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, आधी-नंतर निदान तासभराचे अंतर ठेवावे, असे डॉक्टर सांगतात. क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते, हेही खरे. मात्र ग्लासातील रंग उतरला म्हणजे आतड्यातील शोषण सिद्ध झाले, असे म्हणता येत नाही. लिंबाच्या आम्लानेही रंग उतरतो. मग क जीवनसत्त्व नसलेले आम्ल घालून पाहू या, असे कोणी सुचवेल का, याची मी वाट पाहत होते. दुसऱ्या दिवशी एक मुलगी घरून सिरका घेऊन आली. या एका बाटलीचे मोल माझ्या लेखी वर्षभराच्या विज्ञान प्रदर्शनाहून अधिक आहे.

भाषेच्या तासाला या प्रयोगाचा दुसरा धागा मिळाला. मायफळ आणि हिराकस यांपासून शाई करण्याची जुनी कृती हीच आहे. मायफळात टॅनिन, हिराकसात लोह. शतकानुशतके अनेक देशांतील हस्तलिखिते अशा शाईने लिहिली गेली. निळ्या गोळीतील लोहाचा क्षार रासायनिकदृष्ट्या या हिराकसाचाच भाऊबंद. गोळी आणि चहा मिळून झालेल्या त्या शाईने मुलींनी बोरूने आपापली नावे लिहिली. कागदावर ती आधी फिकट दिसतात आणि हवा लागली की गडद होतात. हे का, हा पुन्हा नवा प्रश्न.

याच संदर्भात कमला सोहोनी यांचे नाव सांगितले. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या १९३३ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा केवळ स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. आग्रह धरल्यावर अटी घालून दिला. त्यांनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. भारतात परतल्यावर काही काळ त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत होत्या. ती प्रयोगशाळा १९५० च्या दशकाच्या अखेरीस हैदराबादला हलली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. तार्नाक्याला जाणाऱ्या बसमधून तिची पाटी मुलींनी अनेकदा पाहिली होती. आत काय चालते, हे कोणाला ठाऊक नव्हते.

त्यातून डाळींचा प्रयोग निघाला. मोड आलेल्या मुगात क जीवनसत्त्व वाढते असे म्हणतात, ते पाहायचे कसे? जखमेवर लावायच्या आयोडीनचे दोन थेंब पाण्यात टाकून त्यात थोडी भाताची पेज घातली की निळा रंग येतो. क जीवनसत्त्व तो घालवते. लिंबाचे किती थेंब लागले, कोरड्या मुगाच्या पाण्याचे किती, एक दिवसाच्या मोडाचे किती, दोन दिवसांच्या मोडाचे किती, असा तक्ता करायचा. लिंबू आणि एक दिवसाचे मोड एवढे झाले आणि चाचणी परीक्षा आली. तक्ता अर्धाच राहिला.

तंत्रज्ञान म्हणजे संगणकच काय?

तंत्रज्ञान म्हटले की आपल्या संस्था संगणक खरेदी करतात. मुलींना टंकलेखन आणि तक्ते भरणे शिकवले जाते. ते उपयुक्त आहे, त्याबद्दल वाद नाही. पण यंत्राच्या आत काय चालते हे पाहण्याची सवय त्यातून लागत नाही. त्या शाळेत सात शिलाई मशीन होत्या आणि त्या 'व्यवसाय शिक्षण' या खात्यात जमा होत्या, विज्ञानाच्या शिक्षिकेचा त्यांच्याशी संबंध नव्हता.

वरच्या हातचाकाचा एक फेरा झाला की सुई एकदा खाली-वर होते, म्हणजे एक टाका पडतो. खालचे मोठे चाक एकदा फिरवले तर किती टाके पडतील? मुलींनी दोन्ही चाकांच्या खाचेभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजले, भागाकार केला आणि मग प्रत्यक्ष टाके मोजले. दोन मशीनवर उत्तरे जुळली नाहीत. गणित चुकले असे शिक्षिका म्हणाल्या. शिवणकामात तरबेज असलेल्या एका मुलीने पट्टा दाबून पाहिला आणि सांगितले, पट्टा सैल आहे, सरकतो. विज्ञानात ती वर्गात शेवटून तिसरी होती. घर्षणाचा धडा त्या दिवशी तिने शिकवला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कम्युनिटी कॉलेजांत शिवणवर्ग जवळजवळ सर्वत्र आहेत, तेव्हा हा पाठ उद्याही घेता येईल.

मोठ्या प्रमाणावर झालेला एक उपक्रम येथे सांगण्याजोगा आहे. चेन्नईच्या स्पेस किड्झ इंडिया या संस्थेने देशभरातील ७५ शासकीय शाळांतील ७५० मुलींकडून 'आझादीसॅट' या लहान उपग्रहासाठी प्रत्येकी सुमारे ५० ग्रॅम वजनाची ७५ उपकरणे जुळवून घेतली. ७ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून नव्या एसएसएलव्ही रॉकेटने तो सोडण्यात आला. रॉकेटच्या संवेदकांच्या बिघाडामुळे उपग्रह योग्य कक्षेत गेला नाही आणि वाया गेला. नवा उपग्रह तयार करून १० फेब्रुवारी २०२३ रोजी तो यशस्वीपणे सोडला गेला. तयार भागांची जुळणी म्हणजे संशोधन नव्हे, हा आक्षेप योग्यच आहे. तरीही आमच्या मुलींनी या हकिकतीतील ऑगस्ट ते फेब्रुवारी हे सहा महिनेच पुन्हा पुन्हा विचारले. त्या वेळात त्या मुली काय करत होत्या? रडल्या का? कोणी रागावले का? आपल्या शाळांत चुकलेला प्रयोग वहीत लिहीत नाहीत, अपेक्षित उत्तर लिहितात.

अडचणी

शिक्षिकांचा पहिला आक्षेप वेळेचा असतो आणि तो खरा आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला. मुले चार-चारच्या टोळीत स्वतः प्रयोग करत, परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा असे. पुढे तो शेकडो शाळांत पसरला, आणि २००२ मध्ये शासनाने बंद केला. तेव्हा परीक्षेची पद्धत न बदलता एकट्या शिक्षिकेने सर्व करावे, ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. आम्ही आठवड्यातील एकच तास मागितला आणि तोही शेवटचा मागितला नाही, कारण शेवटच्या तासाला रिक्षा येऊन उभी राहते आणि मुली जातात.

पालकांच्या बाबतीत मात्र माझा अनुभव सर्वसाधारण समजुतीहून वेगळा आहे. मुलींच्या विज्ञान शिक्षणाला घरून विरोध असतो असे आपण गृहीत धरतो. चहाचा प्रयोग आम्ही एका शनिवारी मातांसमोर केला. मुलींनीच करून दाखवला. एक आई उठून म्हणाली, "हम तो गोली चाय के संगातच लेते, हमना कोई बोल्याच नहीं." मग आणखी चौघींनी तेच सांगितले. त्यांचा विरोध विज्ञानाला नव्हता. उशिरा सुटणे, लांबचे महाविद्यालय, बसचा खर्च आणि प्रात्यक्षिकांच्या दिवशी संध्याकाळ होणे, या त्यांच्या अडचणी होत्या. यांवर उपाय प्रबोधनाने होत नाही, वेळापत्रकाने होतो.

दहावीनंतर इंटरमीजिएटला विज्ञान घ्यायचे की वाणिज्य, हा निर्णय उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत होतो. पोटाचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला जीवशास्त्राची शाखा हवी होती. तिच्या वडिलांनी वाणिज्य ठरवले होते, कारण ते महाविद्यालय घरामागेच होते. सदर मुअल्लिमा, म्हणजे मुख्याध्यापिका, दोनदा त्यांच्या घरी गेल्या. तिच्याच गल्लीतील आणखी दोन मुली तयार झाल्या, तिघींनी मिळून रिक्षा ठरवली आणि प्रवेश झाला. तेथे प्रात्यक्षिके वर्षाच्या शेवटच्या महिन्यात उरकतात, असे ती सांगते. दसऱ्याच्या सुट्टीत तिचा फोन आला होता. शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली आता कोणाकडे असते आणि मुगाचा राहिलेला तक्ता सुट्टीत येऊन पूर्ण करता येईल का, एवढेच तिला विचारायचे होते. मूग ती घरूनच भिजवून आणणार होती.